आपला माणूस खोटं पडतो तेव्हा

नमस्कार. व्यासपीठावरचे मान्यवर, आणि समोर बसलेली कोल्हापूरच्या पेठापेठांतली फुटबॉलवेडी मंडळी. आयोजकांनी मला ‘फुटबॉल आणि खिलाडूवृत्ती’ असा विषय दिला होता. त्या विषयावर तासभर छान बोलता येतं आणि कुणालाच काही लागत नाही. म्हणून मी त्यांना विनंती करून विषय बारीक करून घेतला. आपल्याच खेळाडूने पेनल्टी उकळायला, समोरच्याला कार्ड दाखवायला लावायला खोटी पडापडी केली, तर त्याच्या क्लबने त्याचा उघड निषेध करावा का? उत्तर आधीच सांगून टाकतो. करावा. नाव घेऊन करावा. आणि सामना जिंकला असेल तर जास्तच स्पष्ट शब्दांत करावा. का, हे आज सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, नाहीतर प्रश्नोत्तरांत तिथेच अडकायला होईल. पडणं म्हणजे खोटं नव्हे. पूर्ण वेगात धावणाऱ्या पोराच्या घोट्यावर बूट येताना दिसला तर तो उडी मारणारच. पाय वाचवायचा असतो त्याला. स्पर्श झाला नाही तरी तिथे फसवणूक नसते. नियम क्रमांक १२ मध्ये पिवळं कार्ड आहे ते पंचाला फसवायच्या प्रयत्नाला: दुखापतीचं नाटक केलं, किंवा फाऊल झाल्याचं सोंग आणलं, तर. ज्यांनी शिट्टी हातात घेतली आहे त्यांना हा फरक डोळ्यांना कळतो. खरंच अडखळलेल्या माणसाचे हात आपोआप खाली, पुढे जातात. तोंड वाचवायचं असतं ना. सोंग करणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती पुढे, मान मागे, पाय गुडघ्यात मुडपलेले. शरीराची कमान होते. तोल गेलेला माणूस असा कधी पडत नाही. पुढच्या वेळी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसाल तेव्हा हात बघा, पाय बघू नका. (हॉलमध्ये हशा) हसताय, म्हणजे कुणाकुणाचे हात आठवले ते मला कळलं.

आता माझ्या आवडीचा सामना सांगतो. जरा लांबेल, पण तो नीट ऐकलात तर निम्मं व्याख्यान तिथेच आहे.

२८ एप्रिल २०१९. लीड्स युनायटेडचं घरचं मैदान, एलंड रोड. समोर ॲस्टन व्हिला. इंग्लंडची दुसऱ्या श्रेणीची लीग, हंगामाचा शेवट, आणि लीड्सला थेट प्रीमियर लीगमध्ये जायची थोडी धुगधुगी शिल्लक. प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा. दुसऱ्या हाफमध्ये ०-० असताना व्हिलाचा कोडजिया दुखापत होऊन मैदानात पडला. व्हिलाची पोरं थांबली. कुणी दुखापत होऊन पडला की चेंडू बाहेर घालायची रीत, म्हणून लीड्सवाले तसंच करणार असं त्यांनी धरून चाललं होतं. टायलर रॉबर्ट्सचा वेगही जरा मंदावला, पण मग त्याने चेंडू पुढे दिला आणि क्लिखने गोल मारला. झालं, व्हिलाचे खेळाडू क्लिखच्या अंगावर धावून गेले, दोन्हीकडची माणसं एकमेकांत घुसली. त्या धक्काबुक्कीत लीड्सचा पॅट्रिक बॅमफर्ड तोंड धरून कोसळला. व्हिलाच्या अन्वर एल गाझीने त्याला तोंडावर मारलं असं ठरलं आणि एल गाझीला थेट रेड कार्ड. रीप्लेमध्ये दिसलं की तोंडाला काही लागलेलंच नव्हतं.

तिकडे बाजूरेषेवर बिएल्सा आपल्या पोरांना ओरडून सांगत होते: त्यांना गोल करू द्या. खेळ सुरू झाला, लीड्सचे खेळाडू उभे राहिले, आणि व्हिलाचा अल्बर्ट अडोमा चेंडू घेऊन सरळ गोलपर्यंत गेला. एकटा पाँटस यान्सन मध्ये पडायला गेला. त्याला ते पटलंच नव्हतं. गोल झाला. १-१. सामना तसाच संपला, आणि या बरोबरीने शेफिल्ड युनायटेडची प्रीमियर लीगमधली बढती पक्की झाली. घरच्या हजारो प्रेक्षकांसमोर, इतकं काही पणाला लागलेलं असताना, मारलेला गोल परत द्यायला छाती लागते. त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार बिएल्सा आणि लीड्स यांना मिळाला. मला त्याचा मनापासून आनंद झाला आणि अजूनही आहे.

पण एल गाझीचं काय? गोल परत आला, एल गाझी परत आला नाही. व्हिला उरलेला सामना दहा जणांत खेळली. नंतर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याचं रेड कार्ड रद्द केलं आणि बॅमफर्डवर पंचाची फसवणूक केल्याबद्दल दोन सामन्यांची बंदी घातली. म्हणजे एकाच सामन्यात, एकाच प्रसंगात, दोन अन्याय झाले. एक क्लबने जागच्या जागी फेडला. दुसरा फेडायला शिस्तपालन समिती लागली.

आणि हे लक्षात घ्या, तो दुसराही तिथल्या तिथे फेडता आला असता. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंचाला आपला निर्णय बदलता येतो. गोलनंतरचा सेंटर, म्हणजे मध्यावरून खेळ पुन्हा सुरू करणं, अजून व्हायचं होतं. बॅमफर्डने, किंवा लीड्सच्या कप्तानाने पंचापाशी जाऊन ‘मारलं नाही हो त्याने’ एवढं सांगितलं असतं तरी वाट मोकळी होती. असं कुठे होतं का म्हणाल, तर होतं. मार्च २०१४ मध्ये जर्मनीत न्युरेंबर्गविरुद्ध वेर्डर ब्रेमेनच्या आरोन हंटला पेनल्टी मिळाली. त्याने पंचाला स्वतः सांगितलं की हे फाऊल नव्हतं. पेनल्टी मागे घेतली गेली, आणि ब्रेमेन तरीही २-० जिंकलं.

बिएल्सांना मी दोष देत नाही. त्या गर्दीत त्यांना बॅमफर्डचं काय झालं ते दिसलंही नसेल. मला खटकतं ते वेगळंच. गोल परत देताना कुणा एकाला खोटारडं म्हणावं लागत नाही, गोल सगळ्या संघाचा असतो. बॅमफर्डचं खोटं परत घ्यायचं तर एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. क्लब गुण सोडायला तयार होतो, आपला माणूस चुकला म्हणायला तयार होत नाही. पंचवीस कॅमेऱ्यांनी दाखवलं तरी नाही.

आता घरचं. कुठलं तालीम मंडळ, कुठला संघ, ते सांगणार नाही, आणि कृपा करून कुणी ओळखायच्या फंदात पडू नका. चौदा वर्षांखालच्या पोरांचा सामना होता. मी गोलच्या मागे, जाळीपाशी उभा होतो. एक चपळ, गुणी पोरगा चेंडू घेऊन डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, शिरला. समोरच्या बचावपटूने पाय मागे घेतला, अगदी स्पष्ट, वीतभर अंतर ठेवून. पोरगा पडला. हात वर, छाती पुढे. पेनल्टी. वर त्या बचावपटूला रेड कार्ड, गोलची संधी हिरावली म्हणून. तो बचावपटू पंचाला काही बोलला नाही. बाहेर येताना माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, “सर, मी टच पण नाही केलं त्याला.” मी म्हटलं, मला दिसलं बाळ. यापलीकडे त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

पेनल्टीवर गोल झाला. पडलेला पोरगा पाणी प्यायला बाजूला आला, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास, डोकं लावलंस.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सामना संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, त्या मंडळाचे एक पदाधिकारीही तिथेच होते. मी शांतपणे म्हटलं, पोरगा चांगला आहे, त्याला हे शिकवू नका. उत्तर काय आलं? “पंचांनी दिली की हो पेनल्टी. आम्ही काय मागायला गेलो होतो?” गेले नव्हते कसे? तो पोरगा चिखलात बसून दोन्ही हात पसरून तीच मागत होता! मी वाद वाढवला नाही, कारण मागे फटाके लागले होते, गुलाल उधळला जात होता आणि पोरगा कुणाच्या तरी खांद्यावर होता. पुढच्या हंगामात मी त्याला पुन्हा पाहिलं. आता तो डीमध्ये शिरला की चेंडूकडे बघतच नव्हता, बचावपटूचा पाय शोधत होता. गोल मारायचं विसरत चालला होता पोरगा. याचा मला राग आहे, आणि तो त्या पोरावर नाही.

आपल्याकडे कुठला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासणारी यंत्रणा? आणि जिथे आहे तिथेही तो मुख्यतः गोल, पेनल्टी आणि थेट रेड कार्ड तपासतो. मैदानाच्या मध्यावर रोज जे फुकटचे फ्री किक उकळले जातात, ते कुठलं यंत्र धुंडाळत बसणार? म्हणून मी म्हणतो की...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. मुख्य मुद्दे भरभर सांगतो.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: फायदा कुणाच्या खिशात जातो ते बघा. एप्रिल १९९५, डॉर्टमुंड विरुद्ध कार्ल्सरुहे. डॉर्टमुंड ०-१ मागे. आंद्रेआस मोलर डीमध्ये पडला, आणि कार्ल्सरुहेचा शुस्टर त्याच्यापासून चांगलाच लांब होता. पेनल्टीवर बरोबरी, मग डॉर्टमुंड २-१ जिंकलं. मोलर नंतर म्हणाला, तो मला धडकणार असं वाटलं म्हणून स्वतःला वाचवायला पडलो. जर्मन महासंघाने त्याला दोन सामन्यांची बंदी आणि दहा हजार मार्कांचा दंड केला. पण त्या विजयाचे दोन गुण डॉर्टमुंडकडेच राहिले, आणि त्या हंगामात डॉर्टमुंड ब्रेमेनच्या पुढे एका गुणाने विजेतं ठरलं. त्या पेनल्टीवरच विजेतेपद आलं असं मी म्हणत नाही, पुढे बरेच सामने होते. पण हिशेब बघा: दंड खेळाडूला, गुण क्लबला. नोव्हेंबर २०१७ मध्ये एव्हर्टनच्या उमर नियासचंही तेच. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पेनल्टी मिळवली, सामना २-२, नंतर दोन सामन्यांची बंदी, प्रीमियर लीगमध्ये पंचाची फसवणूक केल्याच्या नियमाखाली पहिलीच. गुण एव्हर्टनकडेच. ज्याच्या पदरात माल पडला त्यानेच बोललं पाहिजे. बाहेरच्या समितीच्या बंदीला क्लब ‘आमच्यावर अन्याय’ म्हणू शकतो आणि म्हणतोच. स्वतःच्या क्लबने ‘हे आम्हाला मान्य नाही’ म्हटलं तर खेळाडूला लपायला जागा उरत नाही.

दुसरा: निषेध केव्हा केला, यावर सगळं आहे. लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ. ऑक्टोबर २०१२, घरच्या मैदानावर स्टोकशी ०-०, आणि सुआरेझ डीमध्ये खोटा पडला. जानेवारी २०१३ मध्ये त्याने एका मुलाखतीत स्वतःच कबूल केलं: बरोबरी चालली होती, जिंकायचं होतं, म्हणून पडलो. तेव्हा कुठे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स म्हणाले की हे चूक आहे, अस्वीकार्य आहे, आतल्या आत कारवाई करू. जाहीरपणे बोलले याचं मी स्वागत करतो. पण तीन महिन्यांनी, आणि कबुली आल्यावर! यातून बाकीचे खेळाडू काय शिकणार? पडू नका, हे नाही. कबूल करू नका, हे.

तिसरा, नेहमीचा आक्षेप: आपलाच माणूस उघडा पाडला तर तो खचेल, संघ फुटेल. सुआरेझ खचला का? पुढच्याच हंगामात, २०१३-१४ मध्ये, त्याने लीगमध्ये ३१ गोल केले. (श्रोत्यांतून: “चावला पण होता!”) हो, मध्ये इव्हानोविचला चावला, तो वेगळा गुन्हा आणि त्याची वेगळी दहा सामन्यांची शिक्षा. माझा मुद्दा एवढाच की प्रशिक्षकाच्या चार परखड शब्दांनी त्याचा खेळ गेला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ॲशली यंगला पडापडीसाठी पिवळं कार्ड मिळालं, त्याच सामन्यात पुढे त्याने पेनल्टीही मिळवली, मँचेस्टर युनायटेड २-० जिंकलं. तरी त्यांचे प्रशिक्षक डेव्हिड मॉइस म्हणाले, माझ्या खेळाडूंनी पडापडी केलेली मला नको. जिंकलेल्या दिवशी म्हणाले, हे महत्त्वाचं. युनायटेडचं आकाश कोसळलं नाही.

मग करायचं काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही आपल्या तालमींना उद्यापासून जमण्यासारख्या आहेत. सामन्याचं चित्रीकरण आता प्रत्येकाच्या मोबाईलवर असतं, ते बघून दुसऱ्या दिवशी मंडळाने दोन ओळींचं निवेदन काढावं, खेळाडूचं नाव घालून. समोरच्या खेळाडूला खोट्या पडण्यामुळे रेड कार्ड मिळालं असेल, तर त्याची पुढची बंदी उठवा असं पत्र ज्याचा फायदा झाला त्याच संघाने संयोजकांना द्यावं. त्या पत्राचं वजन समोरच्या संघाच्या दहा अर्जांपेक्षा जास्त असेल. आणि पडणाऱ्याला पुढचा सामना आपणच बाकावर बसवावं. पोरांच्या संघांत तर हे बंधनकारकच करा, कारण तिथे अजून गोलाकडे बघायची सवय परत लावता येते.

वेळ संपली म्हणतायत. माईक फिरवा. पहिला प्रश्न त्या चावण्यावाल्यांचा घेऊ.