जाळं वर येतं तेव्हा

माझी ओळख करून देताना सागरी परिसंस्थांची अभ्यासक वगैरे मोठे शब्द वापरले गेले, तर आधी एवढंच सांगते की माझं काम म्हणजे ट्रॉलरच्या डेकवर उकिडवं बसून जाळ्यातून पडलेला ढीग निवडायचा, मोजायचा, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. मालवणहून, रत्नागिरीहून, जिथून कोणी बोटीवर चढू देईल तिथून. आज त्या ढिगाबद्दलच बोलणार आहे.

ट्रॉलिंग म्हणजे बोटीच्या मागे पिशवीसारखं मोठं जाळं तळाला टेकवून ओढत न्यायचं, दोन तास, तीन तास, कधी त्याहून जास्त. मग ते वर घेतात, शेवटच्या पिशवीची गाठ सोडतात आणि धपकन सगळं डेकवर पडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटत होतं कोळंबीचा ढीग पडेल. कोळंबी होती, पण ती शोधावी लागत होती. बोटाएवढे ढोमे, राणीमासे, माकुलं, चपटे मासे, खेकडे, समुद्रसाप, तारामासे, शंख, चिखल, आणि त्यातच बिस्किटाच्या पुड्याचा कागद, दुधाची पिशवी. खलाश्यांचे हात इतके पटापट चालतात की बघत राहावं, कोळंबी एका पाटीत, माकुल दुसऱ्या, मोठा मासा तिसऱ्या, आणि उरलं तो कुटा. त्यातला काही परत पाण्यात फेकतात, तोवर बहुतेक मेलेला असतो, आणि बाकीचा बंदरावर येऊन फिशमीलच्या कारखान्यात जातो, त्याची पावडर होऊन कोंबड्यांना आणि मत्स्यशेतीला खाद्य म्हणून जाते.

मी कुटा घेऊन बसले की एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते ते म्हणायचे, ‘गो बाय, त्या कुट्यात काय बघतस?’ एकदा मी त्यांच्यासमोर एकेक मासा पट्टीवर ठेवत गेले आणि नावं विचारत गेले. सगळी नावं त्यांना पाठ होती हो, हा ढोमा, हा सौंदाळा, ही बांगड्याची पिल्लं. दहाबारा झाल्यावर ते स्वतःच गप्प झाले. कारण कुट्यातला निम्मा माल म्हणजे पुढच्या दोन वर्षांची त्यांचीच मासळी होती, आणि ती मातीमोल भावाने किलोवर चालली होती. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता यावर करायचं काय. लोकांना वाटतं मासेमारी बंद करा, पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बंद असतेच, ती चांगलीच आहे. पण मला जास्त जवळची वाटते ती जाळ्याच्या आसाची गोष्ट. आस म्हणजे जाळ्याचा एकेक डोळा. घरी कांद्याची लाल जाळीची पिशवी असते ना, ती दोन्ही टोकांनी ओढून बघा, डोळे मिटून जातात. नेहमीच्या ट्रॉल जाळ्याचा आस असाच शंकरपाळ्यासारखा असतो, जाळं ताणलं की तो मिटतो, मग कागदावर आस कितीही मोठा असू दे, पिल्लू बाहेर पडायला वाटच राहत नाही. तोच आस चौकोनी बसवला की ताण आला तरी डोळा उघडा राहतो. सिंधुदुर्गात केंद्र सरकार आणि यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, यांच्या किनारी जैवविविधतेच्या प्रकल्पात शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस लावायचं काम झालं. सुरुवातीला मच्छीमार म्हणाले की मासळी निसटेल, आणि निसटतेच, पण निसटते ती लहान, आणि वर चिखल कमी, निवडायला वेळ कमी, जाळं हलकं ओढलं जातं म्हणून डिझेलवरचा ताणही कमी. हे पर्यावरणाच्या भाषेत सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, डिझेलच्या भाषेत सांगितलं तर ऐकलं, आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही, कारण घर त्यांचं चालायचंय.

पापलेटचंही तेच. 2023 मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, सातपाटीच्या मच्छीमारांनीच ती मागणी लावून धरली होती. त्याच वर्षी कुठला मासा किती लांबीच्या आत पकडायचा नाही याचे नियम आले, पापलेटला 135 मिलिमीटर. पुण्या-मुंबईत मासे घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तळहाताएवढंही नसलेलं पापलेट स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. मागणी आपली आहे, दोष सगळा कोळ्याच्या माथी मारून चालणार नाही.

आता कासवांकडे येते, कारण तुम्ही बहुतेक त्यांच्यासाठीच आलाय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी राखली, ते काम मोठं आहे, तुमच्यातले बरेच जण कासव महोत्सवाला जाऊन आलेही असतील. पण मादी घरट्यापुरती तास-दीड तास किनाऱ्यावर असते आणि पिल्लू वाळूतून निघून पाण्यात जायला काही मिनिटं घेतं. बाकी सगळं आयुष्य पाण्यात, जिथे आपली जाळी आहेत. 2022 मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले, प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी, पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा, आणि यातली बागेश्री थेट श्रीलंकेपर्यंत गेली. उलटीकडून 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. म्हणजे आपण ज्याला आपलं कासव म्हणतो ते किती जणांच्या जाळ्यांमधून वाट काढत येतं याचा विचार करा.

कासवाला फुप्फुसं असतात, हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. ट्रॉलच्या जाळ्यात अडकलं आणि जाळं दोन तास खाली राहिलं तर ते बुडून मरतं. जाळ्यात तिरका गज बसवून कासवाला बाहेर काढणारी सोय आहे, टेड म्हणतात, कोचीच्या सिफ्ट या मासेमारी तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी ती बनवलीय, पण ती सगळीकडे वापरली जात नाही म्हणून अमेरिका आपल्या समुद्रातली पकडलेली कोळंबी घेत नाही. हे नुकसान कोणाचं ते सांगायला नको.

पण एक गोष्ट आपल्या राज्यात छान झाली. डिसेंबर 2018 पासून संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, फोटो किंवा व्हिडिओ काढला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क. जाळं कापणं म्हणजे काय ते समजून घ्या, ते कर्जावर घेतलेलं असतं आणि पुन्हा विणायला दिवस जातात. तरी लोक कापतात.

आणि कासव मेल्यासारखं दिसलं तरी लगेच फेकायचं नाही, हे मी प्रत्येक बोटीवर सांगते. पाठीवर उलटं टाकायचं नाही, पोटावर ठेवायचं, मागचा भाग थोडा उंच करायचा म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं, सावलीत ठेवायचं, ओलं कापड टाकायचं, आणि वाट बघायची, कधीकधी पूर्ण दिवस. एका संध्याकाळी अशीच एक मादी वर आली, मान लोंबत होती, मीसुद्धा आशा सोडली होती. खलाश्यांनी मागच्या बाजूला खाली टायर सरकवला, वर ओलं गोणपाट, आणि सगळे जेवायला बसले. पाणी तोंडातून थेंबथेंब गळत होतं. रात्री नऊच्या सुमारास पुढचा एक पाय हलला, तांडेल ताट तसंच ठेवून उठले, इंजिन बंद करायला लावलं आणि ती नीट श्वास घ्यायला लागेपर्यंत पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले. सोडताना दोघांनी कवचाला धरून ती हळूच पाण्यात उतरवली. दहा फुटांवर ती एकदा वर आली, हवा घेतल्याचा फुस्स आवाज आला, आणि खाली गेली. तांडेल म्हणाले, ‘वहीत लिव गो बाय.’