तपासले किती?

(दृश्य : अंगण. पलीकडे दोन घरं. खाटेवर बसलेल्या मावशींचा हात आणि दंड. चेहरा चौकटीबाहेर.)

दंडावर एक फिकट चट्टा आहे. खाजत नाही, दुखत नाही. मग दवाखान्यात कोण कशाला जाईल?

आशाताई बॉलपेन काढतात. 'मावशी, डोळे मिटा. जिथं लागेल तिथं बोट ठेवा.' पेनाचं टोक मनगटाशी टेकतं, मावशींचं बोट बरोबर तिथं येतं. कोपरापाशी टेकतं, तिथंही येतं. मग टोक चट्ट्यावर टेकतं. मावशी डोळे मिटून वाट बघत राहतात.

(दृश्य : हे पूर्ण ठेवावं. कापू नये.)

कुष्ठरोगाचा संशय घ्यायला एवढं पुरतं. रक्त काढावं लागत नाही, यंत्र लागत नाही. यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर कोपराच्या मागची नस चाचपतील. तीच, जिला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती दोरीसारखी जाड लागते का, हाताच्या ताकदीत फरक आहे का, हे बघून निदान पक्कं होईल.

आशाताईंबरोबर एक पुरुष स्वयंसेवक फिरतो. बायकांना आशाताई तपासतात, पुरुषांना तो. चट्टा पाठीवर असू शकतो, मांडीवर असू शकतो, आणि कपड्यांवरून तो दिसत नाही. शोध मोहिमेतलं सगळ्यात अवघड काम हेच, धडधाकट माणसाला सदरा काढायला लावणं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. नोंदवह्या. वर्धा.)

घरोघर जाऊन रुग्ण शोधायची ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झाली. रुग्ण येईल म्हणून दवाखान्यात बसून राहायचं नाही, आपणच गावात जायचं, असं या मंडळींनी ठरवलं. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार एकाच फेरीत. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच रीत उचलली. तेव्हा हातात औषध एकच होतं, डॅप्सोन, आणि ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे. नोंदवहीत एकदा चढलेलं नाव लवकर उतरत नसे.

(दृश्य : गोळ्यांचं पाकीट, जवळून.)

ऐंशीच्या दशकात ही पाकिटं आली. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी. एका पाकिटात अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. यातलं रिफॅम्पिसिन इतकं जालीम की उपचार सुरू होताच रुग्णाकडून इतरांना होणारी लागण जवळजवळ थांबते. औषध फुकट मिळतं. या पाकिटांनी लाखो माणसं बरी केली, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो मोजणीचा.

(दृश्य : आलेख. आकडे एकेक करून उमटतील.)

१९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने उद्दिष्ट ठरवलं : दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. मुदत २००० सालची. भारताने ते डिसेंबर २००५ मध्ये गाठलं. आकडा होता ०.९५.

या मोजणीत 'रुग्ण' म्हणजे त्या दिवशी उपचार घेत असलेला, नोंदवहीत नाव असलेला माणूस. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला की नाव कमी. आता गणित बघा. दरवर्षी शंभर नवे रुग्ण सापडतात आणि प्रत्येकाचा उपचार दोन वर्षं चालतो असं धरू. नोंदवहीत कायम दोनशे नावं राहतील. उपचार एका वर्षावर आणा, नावं शंभर होतील. सहा महिन्यांवर आणा, पन्नास. गावात रोग तेवढाच, नोंदवही मात्र हलकी.

१९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणायला मान्यता दिली. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय योग्यच होता, रुग्णांचा त्रास वाचला. पण त्याने आकडाही उतरला, आणि उद्दिष्ट गाठल्याच्या आनंदात हे फारसं कुणी बोललं नाही.

(दृश्य : आरोग्य केंद्राची पाटी. रिकामा बाक.)

उद्दिष्ट गाठलं, आणि घरोघरची पाहणी मागे पडली. कुष्ठरोगाचं वेगळं मनुष्यबळ सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घेतलं गेलं. चट्टा दिसला तर रुग्णाने आपण होऊन यावं, अशी अपेक्षा. न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या चट्ट्यासाठी! तरीही पुढची दहा वर्षं देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आगेमागे नवे रुग्ण सापडत राहिले. २०१६ मध्ये सरकारनेच निवडक जिल्ह्यांत पुन्हा दार ठोठावायला सुरुवात केली, तेव्हा त्या एका मोहिमेत तीस हजारांहून अधिक नवे रुग्ण निघाले.

अधिकाऱ्यांची बाजू अशी : ही साथ नव्हे, बहुतेकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. न सापडलेल्या रुग्णांना 'छुपी साथ' म्हटलं की लोक घाबरतात आणि रुग्ण आणखी लपतात. शिवाय सामान्य दवाखान्यात उपचार मिळाल्याने कलंक कमी होतो. यातलं काहीच खोटं नाही. शेवटचा मुद्दा तर आम्हालाही पटतो. पण न शोधल्यामुळे रुग्ण कमी दिसतात का, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर कोविडने दिलं. २०१९ मध्ये भारतात १,१४,४५१ नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये ६५,१४७. लागण झाल्यावर चट्टा उमटायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. असा रोग एका वर्षात निम्म्याजवळ येत नाही. त्या वर्षी दारं बंद होती आणि तपासणारी माणसं दुसऱ्या कामावर होती. पुढे मोहिमा सुरू झाल्या आणि २०२२ मध्ये आकडा परत लाखावर गेला.

(दृश्य : वाकडी बोटं पेला उचलताना. तळपायावरची पट्टी. एमसीआर, म्हणजे बधिर पायांसाठीची मऊ रबरी चप्पल. इथं निवेदन एकच ओळ, बाकी मूळ आवाज.)

उपचार उशिरा झाले तरी जंतू मरतात, मेलेली नस मात्र परत येत नाही.

(दृश्य : पुन्हा तेच गाव. यादी, पेन.)

मावशींचं निदान पक्कं झालं तर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एकेक डोस मिळेल, प्रतिबंध म्हणून. समोरच्या दोन घरांना कुलूप आहे, माणसं कामासाठी बाहेरगावी गेलीत. आशाताई यादीत तशी नोंद करतात.

राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार शून्यावर आणायचं लिहिलं आहे. त्या शून्याशेजारी आणखी एक रकाना हवा : त्या वर्षी किती लोकांना सदरा काढून, चट्ट्यावर पेन टेकवून प्रत्यक्ष तपासलं? आणि कुलूप असलेली घरं त्यात धरली की वगळली?