अधांतरी सुटलेली दरी

(दृश्य: उभा कडा, माथ्यावरून सुटलेलं पाणी)

स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन. कड्यावरून सुटलेला हा श्टाउबबाख धबधबा जवळपास ३०० मीटर खाली येतो. येतो म्हणजे, सगळा येतोच असं नाही. वारा असला की अर्ध्या वाटेतच त्याचे तुषार होऊन उधळतात. 'श्टाउब' म्हणजे जर्मनमध्ये धूळ.

आता नजर वर न्या. वरच्या दरीतून निवांत आलेला ओढा इथे असा अचानक का तुटला? नद्यांची ही रीत नाही. उपनदी मुख्य नदीला मिळते ती सहसा एका पातळीवर येऊन. स्कॉटिश भूवैज्ञानिक जॉन प्लेफेअर यांनी १८०२ मध्येच हे लिहून ठेवलंय. इथे मात्र धाकटी दरी थोरलीच्या डोक्यावर लटकते आहे.

हे काम बर्फाचं.

(दृश्य: हिमनदी, भेगा)

उंचावर वर्षानुवर्षं हिम साठतं. खालचे थर दाबाखाली घट्ट होत बर्फ बनतात आणि पुरेशी जाडी आली की तो आपल्याच वजनाने उताराला लागतो. दिसत नाही, पण चालतो. स्विस निसर्ग-अभ्यासक फ्रान्झ योसेफ हूगी यांनी १८२७ साली आल्प्समधल्या उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली होती. १८४१ पर्यंत ती सुमारे १४०० मीटर खाली पोचली. दिवसाला वीतभराहून थोडं जास्तच.

पण बर्फ तर खडकापुढे मऊ. मग तो डोंगर कोरतो कसा? हत्यारं तो वाटेतच गोळा करतो. तळाचं पाणी खडकाच्या फटींत शिरतं, पुन्हा गोठतं, आणि सरकता बर्फ सैल झालेले तुकडे उपटून घेतो. मग तेच तुकडे बर्फाच्या पोटाशी रुतून खालचा खडक घासत जातात.

(जवळून: खडकाचा पृष्ठभाग)

हा बघा असा घासलेला खडक. पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत, आणि त्यावर एकाच दिशेने ओढलेले ओरखडे. बर्फ कुठून कुठे गेला, ते इथे वाचता येतं. घासून निघालेलं पीठ मात्र पाण्याबरोबर जातं. ते इतकं बारीक असतं की पाणी दुधाळ दिसतं.

नदी आपल्या पात्रापुरतं चिरत जाते, म्हणून डोंगरात तिची दरी 'व्ही' आकाराची. हिमनदी अख्खी दरी भरून सरकते. तळ खरवडते, बाजू खरवडते, आडवी आलेली डोंगराची नाकंही छाटते. उरतो तो 'यू'. नॉर्वेत अशाच दरीत समुद्र शिरला आणि सोग्नेफ्योर्ड झाला, जास्तीत जास्त खोली १३०० मीटर!

आता त्या लटकत्या दरीकडे परत येऊ. थोरली हिमनदी जाड, तिने खोल कोरलं. बाजूची पातळ, तिचं काम वरवरचं. दोघी मिळत तेव्हा बर्फाचा माथा जवळपास सारखाच दिसायचा. तळांतला फरक खाली झाकलेला. शेवटच्या हिमयुगाचा कळस होऊन गेला साधारण २० हजार वर्षांपूर्वी. मग बर्फ मागे हटला आणि ओढ्याच्या पायाखालची जमीनच नाहीशी झाली.

(दृश्य: दरीच्या तळाची नदी)

एवढ्या रुंद दरीतून आज ही एवढीशी नदी वाहते, वाइस ल्युचिने. 'वाइस' म्हणजे पांढरी. वर, डोंगरात, दळण अजून चालू आहे.