हेलिकॉप्टर नक्की किती वर आहे?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'इशारा आल्यावर पायलटने काय करावं'. म्हणजे जवळ विमान आल्याचा इशारा ड्रोनच्या पडद्यावर दिसला, तर ड्रोन उडवणाऱ्याने काय करावं. त्यावर येतोच. पण आधी इशाऱ्यातल्या एका आकड्याबद्दल बोलू द्या. तुमच्यापैकी बरेचजण सर्वेक्षणासाठी 100-120 मीटरवर ड्रोन उडवता, आणि तिथे हा आकडा महागात पडू शकतो. तो आकडा म्हणजे समोरच्या विमानाची उंची.

मुळापासून सांगतो. विमानातला ट्रान्सपाँडर 1090 मेगाहर्ट्झवर आपली ओळख, जागा आणि वेग सतत प्रसारित करतो. जागा सेकंदाला साधारण दोनदा. या प्रसारणाला म्हणतात एडीएस-बी आउट. ड्रोनमध्ये असतो तो एडीएस-बी इन, म्हणजे नुसता ऐकणारा रिसीव्हर. 2020 पासूनच्या 250 ग्रॅमवरच्या आपल्या नव्या ड्रोनमध्ये तो बसवू, असं डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने 2019 मध्ये जाहीर केलं. त्यांच्याकडे त्याचं नाव एअरसेन्स. हा कान ड्रोनमध्ये आहे, तुमच्या हातातल्या रिमोटमध्ये नाही. ड्रोनने ऐकलेलं रिमोटच्या लिंकवरूनच तुमच्यापर्यंत येतं. लिंक तुटली की चित्राबरोबर इशाराही गेला. आणि या लहरी सरळ रेषेत जातात. ड्रोन शाळेच्या मैदानात टेकलेला असेल आणि डोंगराच्या पलीकडून हेलिकॉप्टर येत असेल, तर पडदा कोरा दिसणार. 'आकाश मोकळं आहे' असा त्याचा अर्थ लावू नका.

आता उंची. विमान जी उंची प्रसारित करतं ती बहुतेक वेळा हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि तीही समुद्रसपाटीला 1013.25 हेक्टोपास्कल दाब आहे असं धरून. तुमच्या पडद्यावरची ड्रोनची उंची असते टेक-ऑफच्या जागेपासून. दोघांचं शून्यच वेगळं!

पावसाळ्यातला कोकणचा किनारा घ्या. समुद्रसपाटीचा दाब 1003 धरू. जमिनीलगत एका हेक्टोपास्कलच्या फरकाला साधारण 8.3 मीटर पडतात, म्हणजे दहाला 83 मीटर. हेलिकॉप्टर प्रत्यक्षात पाण्यापासून 150 मीटरवर आहे, पण ते सांगतंय साधारण 233. तुम्ही वाळूवरून उडवलेला ड्रोन 110 वर आहे. आकडे सरळ वजा केले तर वाटतं, सव्वाशे मीटर मोकळे आहेत. खरं अंतर 40. दाब जितका कमी, तितकं हेलिकॉप्टर कागदावर वर आणि प्रत्यक्षात तुमच्या डोक्याशी. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते, म्हणून मी इतका वेळ यावर घालवतोय.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. ड्रोनमध्येही बॅरोमीटर असतो. त्याचा दाब त्याच 1013.25 च्या मापाने उंचीत बदलायचा आणि विमानाच्या आकड्याशी ताडायचा. दाबाची तुलना दाबाशी. शिवाय विमानाच्या वेगाच्या संदेशात उपग्रहावरची उंची आणि दाबावरची उंची यांतला फरक पाठवायची सोय आहे, तोही वापरता येतो. ड्रोन घेताना विक्रेत्याला हा प्रश्न विचारा. कुठल्या उंचीतून कुठली उंची वजा करता? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पडद्यावरचा उंचीतला फरक विश्वासाचा मानू नका. अंतर आणि दिशा पाहा.

एक प्रसंग सांगतो, तो प्रत्येक वर्गात सांगितला गेला पाहिजे. 21 सप्टेंबर 2017, न्यूयॉर्क, संध्याकाळ. हॉफमन बेटाजवळ अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि डीजेआयचा एक फँटम 4 ड्रोन यांची टक्कर झाली. ड्रोन पायलटपासून अडीच मैलांवर होता, नजरेच्या पार. त्या भागात तात्पुरती उड्डाणबंदी होती, पण पायलटला ती माहीत नव्हती. ॲप सांगेल असा भरवसा होता, आणि टॅब्लेटला मोबाईल इंटरनेटच नव्हतं. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं, एका पात्याला मार बसला. ड्रोनची एक मोटर हेलिकॉप्टरमध्ये सापडली, तिच्यावरच्या क्रमांकावरून मालक शोधला गेला. तपास अधिकाऱ्यांनी संपर्क करेपर्यंत त्याला टक्कर झाल्याचं ठाऊकच नव्हतं. आपल्याकडेही ड्रोन नियम 2021 नुसार एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल क्षेत्र करता येतो, म्हणजे तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. सकाळी हिरवा पाहिलेला नकाशा दुपारी लाल असू शकतो. निवडणुकीत शाळेच्या मैदानावर हेलिपॅड आखतात, ते आठवा. हा नकाशा असलेलं सरकारी पोर्टल, डिजिटल स्काय, प्रत्येक उड्डाणाआधी उघडा, इंटरनेट चालू ठेवून.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा पत्रिकेतला विषय झपाट्याने. एअरसेन्सचे तीन टप्पे. नकाशावर निळं विमान म्हणजे आसपास कोणीतरी आहे. मदतीला सोबत उभ्या असलेल्या जोडीदाराला आकाश बघायला सांगा. केशरी खूण आणि अंतराचा आकडा आला की काम थांबवून खाली यायला लागा. लाल आला, रिमोट थरथरला, म्हणजे टकरीचा धोका आहे. हिशेब असा. 120 नॉट म्हणजे सेकंदाला 62 मीटर. दोन किलोमीटरवरचं हेलिकॉप्टर 32 सेकंदांत डोक्यावर. ड्रोन सेकंदाला 5 मीटरने उतरला तरी 120 मीटरला 24 सेकंद लागतात. 3 मीटरने उतरणारा असेल तर 40. म्हणजे लाल दिसेपर्यंत थांबणाऱ्याकडे वेळच उरत नाही.

आणि घाबरून आरटीएच, म्हणजे ड्रोनला आपोआप घरी परत आणणारं 'रिटर्न टू होम' बटण, दाबू नका. ते दाबलं की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि मग घरी वळतो. 60 मीटरवरचा ड्रोन सेटिंग 100 असेल तर हेलिकॉप्टरकडे 40 मीटर चढेल. डावी स्टिक सरळ खाली ओढा, म्हणजे ड्रोन उतरेल (रिमोट मोड 2 मध्ये, म्हणजे उंची डाव्या स्टिकवर असेल तर). उतरायची जागा टेक-ऑफआधीच बघून ठेवा. खाली तारा नकोत, माणसं नकोत.

शेवटचं. ज्याच्याकडे ट्रान्सपाँडर नाही किंवा तो बंद आहे, त्याचा इशारा कधीच येणार नाही. त्यात कामशेतचे पॅराग्लायडर आले, लष्करी विमानंही आली. तिथे जोडीदाराचे कान लागतात. उडवताना त्याच्या कानात इअरफोन नकोत, आणि चालू जनरेटरपासून त्याला लांब उभं करा. प्रश्न असतील ते चहाच्या वेळी विचारा.