"पछी?" विचारणारा माणूस

(बडोद्यात वाचकांच्या एका मेळाव्यात झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, पहिली रांग नेहमीसारखी रिकामीच आहे. पहिल्या रांगेत बसलं की आभाराचं भाषण गळ्यात पडतं, ही भीती मला ठाऊक आहे. आज आभार ठेवलेले नाहीत, बिनधास्त बसा.

विषय या टेबलावरच्या जाड पुस्तकांचा आहे. ड्रॅगन, जादूगार, तलवारी आणि पहिल्या पानाच्या आधी नकाशा. आमच्या घरी यांना 'उशा' म्हणतात. "तुमच्या उशा आवरा, पाहुणे येतायत," असं सौ. म्हणाली की मी समजतो. इंग्रजीत या प्रकाराला एपिक फँटसी म्हणतात. मराठीत मी 'महाअद्भुत' वगैरे शब्द जुळवून पाहिले, पण ते काढ्याच्या बाटलीवर शोभतील असे झाले. तेव्हा आपण फँटसीच म्हणू.

मी साहित्यातला माणूस नाही. नंदेसरीकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात ३४ वर्षं काढली. वाचनाचं वेड लागलं ते मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयामुळे. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं आणि त्याच्या हातून राज्यभर ग्रंथालयांची घडी बसवली, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटायची: तिथली काचेची जमीन. लोखंडी मांडण्यांच्या मधली जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा. लहानपणी वडिलांबरोबर एकदा आत जायला मिळालं. पायाखाली कुणाची तरी सावली सरकली आणि मी जागीच थिजलो. आपल्या जमिनीखाली आणखी एक जग आहे आणि तिथेही पुस्तकंच आहेत, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच.

आता मुद्द्यावर येतो. कंपनीची बस रावपुऱ्यातून सुटायची. जायला ४० मिनिटं, यायला ४०. माझ्या शेजारी स्टोअर्समधले एक वयस्कर गृहस्थ बसायचे. सगळे त्यांना मोटाभाई म्हणायचे, आपणही तेच म्हणू. पक्के वैष्णव, कपाळाला टिळा, वाचन म्हणजे गुजराती पेपर. मी तेव्हा टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचत होतो. १९५४ आणि ५५ साली तीन खंडांत आलेलं हे पुस्तक खरं तर एकच आहे. छपाईचा खर्च पाहून प्रकाशकांनी त्याचे तीन तुकडे केले, त्यामुळे लोकांना ती मालिका वाटते. मोटाभाईंनी चार दिवस माझ्या मांडीवरच्या त्या विटेकडे बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, यात आहे तरी काय एवढं?

मी सांगायला लागलो. एक अंगठी असते. ती घातली की माणूस दिसेनासा होतो. फार वाईट अंगठी, ज्याच्याजवळ राहते त्याचं मन कुरतडते. ती आपल्या एका साध्यासुध्या, बुटक्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या नायकाकडे येते. मोटाभाई लगेच म्हणाले, "पण ज्याची आहे त्याला देऊन टाका ना!"

मी हसलो. मग लक्षात आलं की त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे अंगठी ही खूण असते. मारुतीनं लंकेत नेलेली मुद्रिका सीतेनं ओळखली. दुष्यंताची अंगठी माशाच्या पोटातून निघाली आणि त्याला सगळं आठवलं. अंगठी धन्याकडे पोचली की गोष्ट सुफळ संपूर्ण. आणि इथे टोल्किन म्हणतो, अंगठी धन्याकडे पोचली तर जगच संपलं! शोध घेऊन वस्तू मिळवण्याच्या गोष्टी जगात रग्गड आहेत. ही वस्तू टाकून देण्याची गोष्ट आहे, तीही जिथे घडवली त्याच आगीत. मी तेव्हा दुसऱ्यांदा वाचत होतो, तरी हे इतकं स्वच्छ मला कळलेलं नव्हतं. ते एका टिळेवाल्या स्टोअर्सकीपरनं दाखवलं, ज्यानं पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून रोजचा रिवाज झाला. बस सुटली की मोटाभाई गुजरातीत म्हणायचे, "पछी?" म्हणजे, मग पुढे? मग पुढच्या सीटवरचे दोघं मान वळवायचे. महिन्याभरात मागच्या बाकांवरून "जरा मोठ्यानं" अशी मागणी यायला लागली. मी काही कीर्तनकार नव्हे, पण गाव आपलं माणभट्टांचं आहे. १७व्या शतकात गुजराती कवी प्रेमानंद याच शहरात माण नावाच्या तांब्याच्या घागरीवर बोटातल्या अंगठ्यांनी ठेका धरून आख्यानं लावायचा. मी टिफिनच्या डब्यावर लावली, एवढंच.

सांगायला लागलं की पुस्तकाचा कस लागतो. डोळ्यांनी वाचताना आपण वर्णनं गाळतो, वंशावळी गाळतो, गाणी तर सर्रास गाळतो. सांगताना गाळलं की कुणीतरी पकडतं. दुसऱ्या खंडात मोटाभाईंनी मला पकडलंच. पुस्तकात महाकाय गरुड आहेत, ते जादूगाराला मनोऱ्यावरून उचलून सुखरूप नेतात. "पण गरुड तो छे ने! त्यांच्या पाठीवर बसून जा, अंगठी टाका, संध्याकाळच्या आत घरी." मंडळी, हा प्रश्न जगभरचे वाचक वर्षानुवर्षं विचारत आलेत आणि त्यावर हिरिरीनं भांडत आलेत. मला उत्तर सुचेना. दोन दिवसांनी मोटाभाईंनी स्वतःच ते आणलं. म्हणाले, मारुतीसुद्धा सीतेला म्हणाला होता, माझ्या पाठीवर बसा, आत्ता घेऊन जातो. ती नाही म्हणाली. रामानं स्वतः यावं, लढावं आणि न्यावं. "काही कामं उडून जाऊन होत नाहीत." एवढं बोलून पेपर उघडला.

म्हणून फँटसी ही आपली नव्हे, परकी आहे, असं कुणी म्हणालं की मला गंमत वाटते. हल्लीचे वाचक जादूचे नियम काय, तिची किंमत काय, यावर तासन्‌तास बोलतात. आपल्या आजीला हे सगळं पाठ होतं. इंद्रानं कर्णाला शक्ती दिली ती एकदाच वापरण्यापुरती. ती घटोत्कचावर खर्च झाली आणि तिथेच अर्जुन वाचला. शापाला उःशाप, वराला पळवाट. एवढे काटेकोर नियम आमच्या कारखान्याच्या सुरक्षा पुस्तिकेतही नव्हते. मराठी वाचकाला ही पुस्तकं जड जातात ती नावांमुळे, कल्पनेमुळे नाही. चातुर्मासात श्रीधराचा पांडवप्रताप ऐकलेल्या माणसाला चार राजघराणी आणि तीन पिढ्यांचं वैर म्हणजे काहीच नाही.

नावांवरून आठवलं. उर्सुला ली ग्विन नावाची फार मोठी लेखिका. तिचं अर्थसी या कल्पित बेटांवरचं पहिलं पुस्तक १९६८ साली आलं. हे पातळ आहे, घाबरू नका. तिच्या बेटांवर प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते लपवून ठेवायचं असतं, कारण ज्याला खरं नाव कळलं त्याची आपल्यावर सत्ता चालते. माझ्या सुनेनं हे वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हा तर उखाणा!" बरोबर आहे की नाही? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, कारण नावात काहीतरी आहे. घ्यायचंच तर चांदीच्या ताटात, रुप्याच्या वाटीत असं काहीतरी गुंडाळून घ्यायचं. त्या पुस्तकात नायक मोठी चूक करून बसलेला असतो, त्याचा आत्मविश्वास गेलेला असतो, आणि तेव्हा त्याचा मित्र काहीही न मागता स्वतःचं खरं नाव त्याला सांगून टाकतो. त्या प्रसंगात लढाई नाही, ड्रॅगन नाही, पण त्याच्या तोडीची जागा मला त्या जाड पुस्तकांतही क्वचितच सापडली. हे मी जाड पुस्तकांचा भक्त असून सांगतोय.

टोल्किनकडे परत जाऊ. हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. जुन्या हस्तलिखितांचा, जुन्या इंग्रजीचा माणूस. त्यानं आधी भाषा रचल्या, व्याकरणासकट, आणि मग त्या बोलणारे लोक हवेत म्हणून जग रचलं. आपल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती झाली, सातही कांडं. त्यासाठी विद्वान वर्षानुवर्षं हस्तलिखितं समोर ठेवून पाठ ताडून पाहत बसले होते. तशाच जातीचा हा माणूस. म्हणून स्वतःची कादंबरी लिहितानाही तो म्हणतो, मी लिहिली नाही, एका जुन्या तांबड्या पोथीवरून भाषांतर केलंय. ही थाप तो शेवटपर्यंत इतकी गंभीरपणे मारतो, की परिशिष्टात पंचांगसुद्धा देतो!

पण पंडित असता तर मी एवढा वेडा झालो नसतो. १९१६ साली तो पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता. त्या युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून, अधिकाऱ्यांची उस्तवार करणाऱ्या गड्यांवरून त्याचा सॅम उभा राहिला. सॅम हा नायकाचा माळी. जग वाचवायला निघतानाही हा मनुष्य पाठीवर स्वयंपाकाची भांडी आणि मिठाची डबी घेऊन निघतो. वाटेत ससा मिळतो तेव्हा रस्सा करतो. त्यात घालायला पाला शोधतो. बटाटे नाहीत म्हणून हळहळतो. शत्रूच्या दाराशी बसून!

आणि शेवटी, त्या जळक्या डोंगराच्या वाटेवर, दोघांनाही पाऊल उचलवत नाही तेव्हा ओझं कमी करायचं ठरतं. ढाल जाते, तलवार जाते, त्याचं काही नाही. मग सॅम भांडी काढतो आणि जमिनीच्या भेगेत टाकतो. ती आपटत खाली जातात, त्याचा आवाज येतो. टाकण्याआधी तो मालकाला विचारतो, त्या सशाची आठवण आहे का? मालकाला आठवतच नाही. चव नाही, पाणी नाही, झाड नाही, काहीच आठवत नाही. अंगठीनं तेवढं खाल्लेलं असतं.

हे मी बसमध्ये सांगितलं तेव्हा छाणी ओलांडली होती. कुणी "पछी" म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं मोटाभाई हळूच म्हणाले, "तपेली फेंकी दीधी?" मी म्हटलं, हो. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. परतीच्या बसमध्ये मी पुढचं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

आता थोडं तक्रारीचं. ही पुस्तकं संपत नाहीत. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' मालिका १९९० साली सुरू झाली. मधले काही खंड, खरं सांगतो, नुसते घाघरे आणि वेण्या यांच्या वर्णनात गेलेत. २००७ साली लेखक गेला, आणि त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं ती २०१३ साली १४व्या खंडात पुरी केली. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला. सहाव्याची वाट बघता बघता मी निवृत्त झालो. (मार्टिन लहान मुलांना देऊ नका. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे म्हणून मी सातवीतल्या भाच्याला भेट देणार होतो. बहिणीनं आधी चाळलं म्हणून वाचलो.)

पण अपुऱ्या पुस्तकाला आपण मराठी माणसांनी तरी हसू नये. बाणभट्टाची कादंबरी सातव्या शतकातली. पोपट गोष्ट सांगतो, गोष्टीत गोष्ट निघते, प्रेमिक मरतात आणि पुढच्या जन्मात भेटतात. ती लिहिता लिहिता बाण गेला आणि त्याच्या मुलानं पुरी केली. आपण या अख्ख्या साहित्यप्रकाराला नाव दिलं ते या पुस्तकाचं. गुजराती माणूस नवलकथा म्हणतो, आपण कादंबरी म्हणतो. म्हणजे वास्तववादी, मध्यमवर्गीय, दोन खोल्यांतलं काहीही लिहा, कव्हरवर शब्द छापला जातो तो एका अद्भुत कथेतल्या गंधर्वकन्येच्या नावाचा! समीक्षकांना हे मी दोनदा ऐकवलंय. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

कुणाला ही पुस्तकं वाचायला लावायची असतील तर माझा अनुभव सांगतो. "ग्रेट आहे, वाच" म्हणून हातात ठेवू नका. तो ५० पानं वाचतो, नावांत बुडतो आणि वर्षभरानं तुम्हाला टाळायला लागतो. एखादा प्रसंग सांगा, आणि मध्येच उतरायचा स्टॉप येऊ द्या. मोटाभाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ते पुस्तक त्यांनी वाचलं असंच मी धरतो. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं घड्याळ दिलं, मी काय द्यावं कळेना. शेवटी तोच पहिला खंड दिला. म्हणाले, मी काय करू याचं? मग नकाशा उघडून बराच वेळ बघत बसले. बोटानं वाट काढत काढत डोंगरापाशी थांबले आणि म्हणाले, इथे ना, भांडी?

तो खंड त्यांच्या मुलानं परवा मला परत आणून दिला. टेबलावर डावीकडून दुसरा. ज्याला हवा त्यानं घेऊन जावा, बाजूच्या वहीत नाव आणि तारीख लिहा. नकाशाचं पान सुटं झालंय, तेवढं सांभाळा.