कॉम्प्युटर नावाची माणसे

‘कॉम्प्युटर’ हा इंग्रजी शब्द सुमारे तीनशे वर्षे यंत्रासाठी नव्हे, तर माणसासाठी वापरला जात होता. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘कॉम्पुतारे’ या क्रियापदात आहे. त्यातील ‘कॉम’ म्हणजे एकत्र, तर ‘पुतारे’ म्हणजे छाटणे, हिशेब करणे आणि विचार करणे. इंग्रजीतील त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १६१३ सालची असून, तेथे त्याचा अर्थ आकडेमोड करणारा मनुष्य असा आहे.

पुढे हा शब्द हुद्द्याचे नाव झाला. ब्रिटनच्या ‘नॉटिकल अल्मनॅक’ या खलाशांसाठीच्या पंचांगाचे तक्ते हे त्याचे उत्तम उदाहरण. चंद्राच्या स्थानावरून भर समुद्रात रेखांश काढता यावा, म्हणून राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७६७ सालापासूनचे असे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांचे कॉम्प्युटर गावोगावी आपापल्या घरी बसून गणिते करीत आणि टपालाने पाठवीत. एकच गणित दोघांकडून स्वतंत्रपणे करून घेतले जाई आणि तिसरा दोन्ही उत्तरे ताडून पाही. लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स यांचे काम आरंभी पतीच्या नावावर जमा होत असे. १७८४ मध्ये पतीच्या निधनानंतर मात्र मेरीबाईंनी ते स्वतःच्या नावाने चालू ठेवले. असंख्य जहाजांचा मार्ग अशा अनामिकांच्या अचूकतेवर विसंबून होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

भारतात १८३१ मध्ये राधानाथ सिकदार हे तरुण बंगाली गणिती त्रिकोणमितीय सर्वेक्षणात, म्हणजे त्रिकोणांच्या मापनातून देश मोजण्याच्या सरकारी मोहिमेत, कॉम्प्युटर म्हणून रुजू झाले आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. अनेकांनी दुरून घेतलेल्या निरीक्षणांवरून ‘पीक १५’ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट ठरवण्याच्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता, शिखराला नाव मात्र निवृत्त सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचे मिळाले.

१९४६ मध्ये फिलाडेल्फियात ‘एनिअ‍ॅक’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र जगासमोर आले. त्याच्यासाठी प्रोग्रॅम रचणाऱ्या सहा स्त्रिया त्याआधी तोफगोळ्यांचे मार्ग हाताने काढणाऱ्या कॉम्प्युटरच होत्या. हुद्द्याचे नाव आता यंत्राकडे जाऊ लागले, इतके की १९५० मध्ये ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांना माणसाविषयी लिहिताना ‘मानवी कॉम्प्युटर’ असे वेगळे म्हणावे लागले.

तरीही १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी यंत्राने काढलेले आकडे गणिती कॅथरिन जॉन्सन यांच्याकडून तपासून घ्यावेत, असा आग्रह धरला. जॉन्सन १९५३ मध्ये अमेरिकेतील लँग्ली येथील विमानविद्या संशोधन केंद्रात नोकरीला लागल्या होत्या, त्या कॉम्प्युटर म्हणूनच.