बाळ रात्री उठणारच; आईने झोपायचं कधी?

(स्तनपान सप्ताहात नागपूरच्या मानेवाडा भागात एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज समोर आयांपेक्षा आज्या जास्त दिसताहेत, मागे चार-दोन बाबाही बसलेत. बरं झालं. मला जे सांगायचं आहे ते बाळंतिणीला थोडं आणि तिच्या घराला जास्त सांगायचं आहे.

दवाखान्यात आजी येतात आणि म्हणतात, "डॉक्टरबाई, पोरगं रातभर जागते. हिचं दूध पुरत नसन." शेजारी सून मान खाली घालून बसलेली असते. मी आधी बाळाला वजनकाट्यावर ठेवते. बहुतेक वेळा वजन छान वाढलेलं असतं.

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर, म्हणजे ५ ते ७ मिलिलिटर दूध मावतं. आठवडा संपताना ४५ ते ६० मिलिलिटर. अंगावरचं दूध दीड-दोन तासांत पचतं. म्हणून चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं आणि त्यातल्या काही वेळा रात्री येणारच. दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोनही रात्री जास्त असतं. 'पुरत नाही' म्हणून रात्री वरच्या दुधाची बाटली सुरू झाली, की छाती रिकामी होत नाही, दूध कमी व्हायला लागतं आणि आजींचा संशय खरा ठरतो. हे मी फार पाहिलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. रडण्यावरून दूध मोजू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा शू, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघणं, हा खरा हिशेब. मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी पहिले ६ महिने वरचं पाणी नको. आईच्या दुधातच ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मध आणि घुटी तर नकोच.

आता झोप. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दिवस कोणता, रात्र कोणती, हे त्याला कळायला साधारण तीन महिने लागतात, आणि ते शिकवतो उजेड. आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असते? सव्वा महिना खिडक्या बंद, जाड पडदे, खाटेखाली शेगडी. दिवसा अंधार, रात्री मात्र ट्यूबलाइट, टीव्ही आणि भेटायला आलेली माणसं. बाळाने शिकायचं कुठून? बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर विषारी वायूमुळे धोक्याचीच, ती आधी बाहेर काढा. सकाळी पडदे सरकवा. दुपारी कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज होऊ द्या. रात्री फक्त झिरोचा बल्ब. मोबाइल नको, गप्पा नकोत. एका बाजूचं पिऊन झालं की लंगोट बदला आणि मग दुसऱ्या बाजूला घ्या, म्हणजे पिता पिता बाळ पुन्हा झोपेला लागतं.

आईची झोप मात्र घरानेच काढून द्यावी लागते. बुटीबोरीला दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्या एका बाबाचं घर मला माहीत आहे. आई नऊला पाजून दार लोटून झोपते. बाळ बैठकीत आजीजवळ. बारा-साडेबाराला बाबा येतो, हातपाय धुतो, शर्ट बदलतो आणि मगच बाळाला आईजवळ नेतो. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढतो, दुपटं बदलतो. मध्येच बाळ मागू लागलं, तर आजी वाटी-चमच्याने आईचंच काढून ठेवलेलं दूध पाजते. आईला सलग तीन तास मिळतात. त्या तीन तासांनी तिचा चेहरा बदलला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

थकलेल्या आईने सोफ्यावर बसून पाजू नये; डोळा लागला तर बाळ गुदमरू शकतं. बाळाला पाठीवरच झोपवा. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवतात ती राईची उशी नको, जड गोधडी नको, कूलरचा झोत अंगावर नको.

रात्री उठणाऱ्या बाळाची मला काळजी वाटत नाही. उठतच नाही त्याची वाटते. पहिल्या दोन आठवड्यांत तीन तासांवर झोपलं तर तळवे चोळून उठवा आणि पाजा. तरीही उठत नसेल, ओढत नसेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, अंग गार पडलं असेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकल किंवा मेयो, आपल्या नागपूरच्या या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे रात्रीच न्या. १०२ वर फोन केला तर सरकारी गाडी मिळते, पैसे लागत नाहीत.

आणि आईकडेही बघा. पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवडे उलटले तरी ती उदास असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "आम्ही नाही का पोरं वाढवली" असं तिला म्हणू नका. डॉक्टरांकडे आणा. आणि रात्री-बेरात्री तिला कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आत्ताच मोबाइल काढा आणि लिहून घ्या.